लांबडीच्या पोटात पेट्रोल

१

बुधवारी सकाळी सव्वानऊला आमच्या घरची नवी गाडी भर चौकात बंद पडली, आणि साडेदहा वाजेपर्यंत त्याचा आळ माझ्यावर आला होता.

नवी म्हणजे आम्हाला नवी. बारा वर्षांची, डिझेलवर चालणारी, मळक्या चंदेरी रंगाची, आणि डिकी इतकी लांब की कपाट आडवं झोपवून न्यावं. आधीचा मालक सोफे शिवायचा, म्हणून मागे अजून काथ्याचे धागे सापडायचे. घरात सगळे तिला लांबडी म्हणायचे. स्वस्तात मिळाली, इंजिन ठणठणीत, पाच माणसं आणि वर सामान सहज मावेल अशी. मला हे सगळं इतकं नीट माहीत आहे, कारण ती गाडी मी शोधली होती.

मी गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटर सांभाळते. तिथेच एका गिऱ्हाइकाकडून कळलं. जाऊन बॉनेट उघडून बघितलं, खाली वाकून बघितलं, आणि घरी येऊन मोठ्या हौसेने जाऊबाईंना फोटो दाखवला. जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. "आम्ही घ्यायचं म्हणतोय," असंही सांगितलं. चौथ्या दिवशी गाडी दारात उभी, आणि किल्ली जाऊबाईंच्या बोटात फिरतेय.

"तूच म्हणालीस ना चांगली आहे. मग यांनी घेऊनच टाकली."

"लखलाभ होवो," मी म्हणाले. शब्द बरे होते. सूर बरा नव्हता, हे कबूल.

आमचं घर दुमजली. खाली थोरले दीर, त्यांना आम्ही दादा म्हणतो, शिवाय जाऊबाई आणि सासरे. वर मी आणि नवरा. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी गाडीवर उघडते. आठ दिवस मी जळत जळत भांडी घासली. जाऊबाई शेजारणीला सांगत होत्या, "दिसायला धूड आहे, पण पेट्रोल अगदी कमी खाते हो." डिझेलची गाडी पेट्रोल कमीच खाणार. मी एकटीच हसले आणि ताट दोनदा विसळलं.

बुधवारी बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दादा चालवत होते, जाऊबाई शेजारी, बाबा मागे. चौकात गाडी दोनदा खोकली, थरथरली आणि थांबली. ऑपरेशनची वेळ हुकली. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. मेकॅनिकने टाकीचं झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि विचारलं, "डिझेलच्या गाडीत पेट्रोल कोणी घातलं?"

बाबांनी तीस वर्षं ट्रक चालवला. इंजिनाला ते माणूस समजतात. घरी आल्यावर खुर्चीत बसून ते एवढंच बोलले, "ज्याने चांगलं इंजिन मारायला घेतलं, तो या घरात राहणार नाही. मग तो कोणी का असेना."

आणि धूसर डोळे नेमके माझ्या दिशेने वळले.

२

वर आल्यावर मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. तो काहीतरी म्हणेल, निदान दात-ओठ खाईल, असं वाटलं. त्याने शर्टाची गुंडी काढली, परत लावली.

"तू नाहीस ना?" त्याने विचारलं.

बारा वर्षांचा संसार, आणि हा प्रश्न. मी म्हटलं, "मी असते तर काय करणार होतास?" त्यावर तो म्हणाला, भाड्याच्या खोल्या कुठे मिळतात ते बघावं लागेल. म्हणजे मनातल्या मनात त्याने सामानसुद्धा बांधलं होतं.

पण त्याला तरी काय बोलणार. टाकीचं झाकण किल्लीशिवाय उघडत नाही. दोन्ही किल्ल्या खालच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असतात, आणि तिथे दिवसभर घरातल्या सगळ्यांचा वावर. म्हणजे करणारं माणूस घरातलंच. आणि डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेलं की काय होतं, हे घरात पोटापाण्यासाठी माहीत असणारी बाई एकच.

दुपारी आत्याबाई आल्या. बाबांची धाकटी बहीण. हॉस्पिटलात मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या, पण त्यांच्यातली मेट्रन काही निवृत्त झालेली नाही. अख्खं घर त्यांना मागून मेट्रनच म्हणतं. ऑपरेशननंतर भावाची देखभाल करायला म्हणून बॅग घेऊन आल्या, तर पेशंट खुर्चीत आणि घराला ताप.

सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, "मला कोणाचं मत नकोय. मी एकेकाची हिस्टरी घेणार. धाकटे, तू माझ्याबरोबर बस."

"मी? माझ्यावरच तर संशय आहे."

"म्हणूनच. आठ दिवस त्या गाडीवरून तुझी नजर हलली नसणार. तू जितकं बघितलं असशील तितकं गाडीच्या मालकानेही बघितलं नसेल."

अपमान होता की कौतुक, मला कळलं नाही. मी स्टूल ओढून बसले.

३

पहिले दादा. छापखान्यातले फोरमन, शांत माणूस, आणि उंच. माझा नवराही तसाच, आणि मी नवऱ्यापेक्षा बोटभर जास्त.

"सोमवारी गाडी बाहेर काढली होती," दादा म्हणाले. "मंगळवारी मी बसने गेलो, गाडी दारातच होती. पेट्रोल पाव टाकी असेल."

"डिझेल," दाराशी उभ्या जाऊबाई म्हणाल्या.

"हां, तेच ते. आज सकाळी गडबडीत काट्याकडे लक्ष गेलं नाही. एकच गोष्ट. बसलो तर गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट पुढे ओढलेली होती. मागे सारली आणि निघालो."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझे लांब पाय मात्र पाहिले.

मग मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती, वरपर्यंत पेट्रोलच पेट्रोल. पाइपात आणि फिल्टरमध्ये जे डिझेल उरतं त्यावर गाडी किलोमीटर-दीड किलोमीटर जाते, मग खोकते. दादांनी स्टार्टर पुन्हापुन्हा मारला नाही म्हणून इंजिन वाचलं. टाकी धुऊन, फिल्टर बदलून दोन दिवसांत देतो.

चौक घरापासून जेमतेम एक किलोमीटर. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच पंप आहे.

"पंपावरच्या माणसाला विचारू या की," मी म्हणाले.

"विचारून आले," आत्याबाई म्हणाल्या. "दिवसाला तीनशे गाड्या, त्याला स्वतःची सायकल आठवली तरी पुष्कळ."

मग बाबा. आणि इथे मला काहीतरी खटकलं. सकाळी शाप दिल्यासारखं बोललेला माणूस दुपारी छान जेवला होता. रेडिओ लावून पाय हलवत बसला होता. बाबा उंचीने ठेंगणे. ट्रकची सीटसुद्धा पुढे ओढून बसायचे, असं स्वतःच सांगतात. आणि महिनाभर त्यांचा एकच घोष चालला होता, डोळे आहेत तसे बरे आहेत.

"ऑपरेशन टळलं, बरं वाटलं ना?" आत्याबाईंनी विचारलं.

"वाटलं," बाबा म्हणाले. "तुझ्याशी काय खोटं बोलू."

"मंगळवारी तू गाडीत बसला होतास?"

बाबांनी रेडिओ बंद केला.

"बसलो होतो," ते म्हणाले.

४

माझा जीव भांड्यात पडला. सासरे घर सोडणार नाहीत, म्हणजे कोणीच सोडणार नाही.

"दुपारी दोनला," बाबा म्हणाले. "मागच्या सीटवर. उद्या डोळा कापणार म्हणून छातीत धडधडत होतं. गाडीत बसलं की मला बरं वाटतं. पुढच्या सीटवर बसायची हिंमत झाली नाही, हात शिवशिवतील म्हणून. अर्ध्या तासाने उतरलो आणि किल्ली खिळ्याला लावली. आणि एक ऐक. मी मेलो तरी डिझेलच्या टाकीत पेट्रोल ओतणार नाही. ऑपरेशन टाळायचं असतं तर पलंगाखाली शिरलो असतो."

बाबा खोटं बोलत नाहीत. आत्याबाईंनी मान हलवली, आणि मी पुन्हा होते तिथे येऊन पडले.

शेवटी, गुरुवारी, जाऊबाई. पाळणाघर चालवतात. दुपारी तीनला पालक मुलं घेऊन गेले की मोकळ्या. बुटक्या, गोऱ्या, आणि रडल्या तरी छान दिसतात, हा देवाचा अन्याय आहे. लायसन आहे त्यांच्याकडे, पण लग्नाआधीचं. कपाटात दागिन्यांबरोबर असतं, आणि बाहेर यायची वेळ दागिन्यांइतकीच क्वचित येते.

"मला कोणाचं नाव घ्यायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण आता घरातून जायची भाषा चालली आहे, तर बोलते. मंगळवारी साडेचारला ही पंपावर होती. स्कूटर घेऊन."

नवरा जिन्याच्या पायरीवर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"पंपावर तर कोणीही जातं," आत्याबाई म्हणाल्या. "काय करत होती?"

"चाकात हवा भरत होती. मी या डोळ्यांनी पाहिलं. आणि काल विचारलं तर म्हणाली, दुकानातून थेट घरी आले."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

५

मी का लपवलं? भीतीने, दुसरं काय. ज्या दिवशी गाडीत पेट्रोल गेलं त्या दिवशी पंपावर होते असं सांगणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. हवा भरली आणि आले, एवढंच. पण आता एवढंही कोणी ऐकेना. नवरा वर निघून गेला.

आत्याबाई चपला घालून बाहेर पडल्या. पाऊण तासाने परत आल्या, मला आणि जाऊबाईंना खालच्या स्वयंपाकघरात घेतलं आणि दार ओढून घेतलं.

"थोरले, हिला कुठून पाहिलंस?"

"रस्त्यावरून. भाजी आणायला गेले होते."

"मी आत्ता त्या रस्त्यावर दहा मिनिटं उभी राहून आले. हवेचं मशीन पंपाच्या ऑफिसमागच्या भिंतीला आहे. रस्त्यावरून ऑफिस दिसतं, भिंत दिसते, हवा भरणारं माणूस दिसत नाही. ते दिसतं फक्त टाकी भरून मागच्या गेटने बाहेर पडणाऱ्याला."

जाऊबाईंनी ओट्याची कड धरली.

"पण माझा संशय त्याआधीचा आहे," आत्याबाई म्हणाल्या. "मेकॅनिक म्हणाला टाकी गळ्यापर्यंत. हेव्याने पेटलेलं माणूस बाटलीभर ओतून पळतं. कोणाचं वाईट करायला कोणी अख्खी टाकी फुल करत नाही. त्यातून ही धाकटी. टूथपेस्टची नळी कात्रीने उभी चिरून वापरणारी बाई. ही दुसऱ्याच्या गाडीत टाकीभर पेट्रोल घालेल? शक्य नाही."

म्हणजे माझी सुटका चांगुलपणावर झाली नाही, चिक्कूपणावर झाली. सुटका ती सुटका.

"तर ज्याने टाकी भरली त्याने भल्यासाठी भरली. सीट पुढे ओढलेली, म्हणजे चालवणारं माणूस बुटकं. माझ्या भावाला दिसत नाही आणि त्याची डिझेल-पेट्रोलात चूक व्हायची नाही. राहिली तू. मग प्रश्न उरतो, डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेलं कसं? धाकटे, तूच मला सांगितलंस, ही शेजारणीला काय म्हणाली होती?"

"पेट्रोल कमी खाते म्हणून," मी म्हणाले. हे सांगताना मला थोडी मजा आली होती, तेही खरं.

"या घरात सगळ्यांना तीच सवय. स्कूटर असो, गाडी असो, पेट्रोल भरून आण, पेट्रोल संपलं. काल माझ्यासमोर थोरल्याच्या तोंडूनसुद्धा पेट्रोलच आलं. आणि त्याला कोणी सुधारलं? आठवड्यापूर्वी पेट्रोल-पेट्रोल करणाऱ्या बाईने. या एका शब्दाचा चटका घरात फक्त तुलाच बसला होता."

जाऊबाई खाली बसल्या, तिथेच फरशीवर.

"मी म्हणाले, पेट्रोल फुल करा," त्या म्हणाल्या. "तो म्हणाला, पेट्रोल ना? मी म्हटलं, हो, फुल. जन्मभर तेच म्हणत आले. मेकॅनिक बोलला तेव्हा पावती काढून वाचली, तर त्यावर तेच लिहिलेलं."

"आणि माझ्यावर ढकललंत," मी म्हणाले.

"तू मला तिथे पाहिलंस असं वाटलं. आज ना उद्या सांगशील. म्हणून आधी मीच बोलले." त्यांनी नाक ओढलं. "मला तुझा हेवा वाटतो. वाटतो तर वाटतो. हे उठता-बसता तुझं नाव घेतात. धाकटीला इंजिन कळतं. धाकटीला विचारू. गाडी आणली त्या दिवशीही म्हणाले, निवड धाकटीची आहे, चुकायची नाही. मीच मागे लागले होते लगेच घ्या म्हणून. तुझ्याकडे आली असती तर माझ्या हातात काय राहिलं असतं? मग म्हटलं, आपणही चालवून दाखवू. गुपचूप टाकी भरून आणली. बुधवारी सकाळी सांगणार होते, बाबांना मी नेते. पण सकाळी धीर झाला नाही, आणि किल्ली यांनीच उचलली."

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला आनंद झाला. आठ दिवस मी खिडकीत उभी राहून जळत होते, आणि खाली एक बाई माझ्यावर जळत होती. माझ्यावर! आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझा हेवा केला होता. मी त्यांना पाणी दिलं, तेही चांगल्या पेल्यातून.

"बाहेर काय सांगायचं?" आत्याबाईंनी विचारलं. "आळ हिच्यावर होता. हिलाच ठरवू दे."

जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. बाबांचं वाक्य आम्हा दोघींनाही पाठ होतं. जो कोणी असेल, तो या घरात राहणार नाही. माझ्या एका शब्दावर त्यांचं घर होतं.

६

मी बाहेर गेले आणि जे झालं ते सांगितलं. वरून नवऱ्यालाही हाक मारून घेतलं. काही लपवलं नाही, काही वाढवलंही नाही. फक्त क्रम माझा लावला. आधी सांगितलं की टाकी फुल केली, तीही दादांसाठी. मग सांगितलं की एकटीने चालवत नेली. पेट्रोल शेवटी सांगितलं.

बाबांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली.

"पंपाच्या मागच्या गेटला वळण फार अरुंद आहे," ते म्हणाले. "एका दमात काढलीस की मागे-पुढे करावं लागलं?"

"एका दमात," दारातून जाऊबाई म्हणाल्या.

"एवढी लांब डिकी मागे घेऊन?" बाबांनी मान डोलावली. "मी म्हणालो होतो, इंजिन मारणारा राहणार नाही. हिने मारायला नाही घेतलं. ही चुकली. चुकलेल्याला शिकवायचं असतं. गाडी आली की माझ्या शेजारी बसून चालव."

असं म्हणून त्यांनी रेडिओ लावला. प्रकरण संपलं.

दादा जाऊबाईंकडे बघत होते. बारा वर्षांत मी त्यांना असं बघताना पाहिलं नव्हतं. "एकटी गेलीस?" ते हळूच म्हणाले. "मला सांगितलं नाहीस." रागाचा लवलेश नाही. त्यांच्या तोंडावर असं काही होतं की मी नजर दुसरीकडे वळवली, आणि वळवली तरी परत तिकडेच गेली. चुकून, खोटं बोलून, दुसऱ्याच्या माथी मारून, शेवटी या बाईकडे कोणी असं बघत होतं. मी काहीच केलं नव्हतं, आणि माझ्याकडे कोणीही बघत नव्हतं. पाच मिनिटांपूर्वीचा तो आनंद कुठल्या कुठे गेला. मी पुन्हा जळायला लागले, गाडीवर जळले होते त्याच्या दुप्पट.

नवरा पुढे आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"मला माहीतच होतं, ही नाही."

मी त्याचा हात खांद्यावरून काढला. झिडकारला नाही, नुसता काढून त्याचा त्याला परत दिला.

"तुला माहीत नव्हतं," मी म्हणाले. "तू खोल्या बघत होतास."

जाऊबाईंनी दादांच्या तोंडावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आता हेवा नव्हता, कीव होती.